ठिबक सिंचन प्रशिक्षणाच्या स्लाइड नव्याने बांधताना: प्रकल्प नोंदी

६ जानेवारी २०२५ : जुन्या फाइलची तपासणी

फाइल ५८ स्लाइडची, ७१ एमबी, जुन्या पीपीटी प्रकारातली. मूळ प्रत बाजूला ठेवून दुसरी प्रत पीपीटीएक्स म्हणून जतन केली. पुढचे सगळे काम या प्रतीवर. पॉवरपॉइंटमध्ये बांधायची आणि तालुक्याच्या ठिकाणी काही जण लिबरऑफिस इंप्रेसमध्ये (पॉवरपॉइंटसारखाच मोफत प्रोग्राम) उघडणार, हे धरूनच चालायचे आहे.

रंगरंगोटीला हात लावण्याआधी व्ह्यू मेन्यूतला आउटलाइन व्ह्यू उघडला. फाइलची खरी प्रकृती इथे कळते. स्लाइडच्या क्रमांकापुढे मजकूर दिसला तर तो प्लेसहोल्डरमध्ये, म्हणजे लेआउटने दिलेल्या चौकटीत, लिहिलेला आहे. क्रमांकापुढे कोरे दिसले आणि स्लाइड मात्र भरलेली असली, तर मजकूर सुट्या टेक्स्ट बॉक्समध्ये टाकलेला आहे. असा मजकूर मास्टरचे, म्हणजे सगळ्या स्लाइडना फॉन्ट आणि मांडणी पुरवणाऱ्या मूळ साच्याचे, काही ऐकत नाही. फॉन्ट, आकार, ओळींतले अंतर, सगळे प्रत्येक बॉक्समध्ये शिरून हाताने बदलावे लागते. ५८ पैकी ४१ स्लाइड अशा निघाल्या.

स्लाइड मास्टरमध्ये एकाऐवजी सात मास्टर सापडले. दुसऱ्या फाइलमधली स्लाइड चिकटवताना ‘कीप सोर्स फॉरमॅटिंग’ निवडले की ती आपला मास्टरही घेऊन येते. मग वरवर सारख्या दिसणाऱ्या दोन स्लाइडवर शीर्षक अर्धा सेंटिमीटर वरखाली होते आणि पुढे जाताना पडद्यावर ते उडी मारते.

फॉन्टची यादी होम टॅबवरच्या रिप्लेसमध्ये ‘रिप्लेस फॉन्ट्स’ उघडून पाहिली. मंगल, निर्मला यूआय, कॅलिब्री आणि श्रीलिपीचे तीन फॉन्ट.

७ जानेवारी : श्रीलिपीतून युनिकोड

रिप्लेस फॉन्ट्सने जुना मजकूर युनिकोड (प्रत्येक अक्षराला एकच ठरलेला संकेत देणारी पद्धत) होत नाही. हा गैरसमज फार पसरलेला आहे. श्रीलिपी, कृतिदेव यांसारख्या जुन्या फॉन्टमध्ये साठवलेली अक्षरे मुळात रोमन असतात, त्यांच्यावर फक्त देवनागरीचे चित्र चढवलेले असते. फॉन्टचे नाव बदलले की चित्र उतरते आणि खालचा रोमन गचाळा उघडा पडतो. मजकूर परिवर्तकातूनच, म्हणजे जुने संकेत युनिकोडमध्ये बदलणाऱ्या प्रोग्राममधूनच, काढावा लागतो.

परिवर्तकाने बाहेर आलेला मजकूर जसाच्या तसा स्लाइडवर टाकला नाही. आधी साध्या मजकुराच्या फाइलमध्ये घेतला आणि नेहमीच्या तीन जागा तपासल्या. पहिली वेलांटी बरोबर व्यंजनाला लागली आहे का (जुन्या फॉन्टमध्ये ती अक्षराच्या आधी टंकलेली असते), रफार एक घर सरकला आहे का, आणि ‘ऱ्य’ टिकला आहे का.

तिसरी जागा सगळ्यात त्रासाची. ‘शेतकऱ्यांना’चे ‘शेतकर्यांना’ झालेले होते, ‘दुसऱ्या’चे ‘दुसर्या’. मोह होतो की ‘र्या’ शोधून सरसकट ‘ऱ्या’ करावे. तसे केले की ‘कार्यालय’, ‘पर्याय’, ‘मर्यादा’ हे धड असलेले शब्द बिघडतात. म्हणून शब्दाशब्दाने बदल केला: आधी ‘शेतकर्या’ शोधून ‘शेतकऱ्या’, मग ‘दुसर्या’, ‘तिसर्या’, ‘वार्या’, ‘अधिकार्या’. या विषयाच्या फाइलमध्ये एवढ्यावर बहुतेक काम भागते, उरलेले डोळ्याने. इनस्क्रिप्ट कळफलकावर ऱ हे शिफ्ट आणि जे, मग डी ने पाय मोडायचा, मग य.

शुद्ध झालेला मजकूर चिकटवताना ‘कीप टेक्स्ट ओन्ली’. नाहीतर फॉन्टची जुनी नावे मजकुराला चिकटून परत येतात.

१० जानेवारी : मास्टर

सगळी मेहनत इथे घालायची आणि स्लाइडवर शक्यतो काही करायचे नाही, हे या कामाचे सूत्र. मास्टर नीट असला तर ५८ स्लाइडचा फॉन्ट एका जागेवरून बदलतो. नसला तर ५८ जागा आणि त्यातल्या दोन-तीन हमखास सुटलेल्या.

नवी कोरी फाइल घेतली. मायक्रोसॉफ्ट ऑफिसच्या नेहमीच्या थीममध्ये अकरा लेआउट असतात. त्यांतले पाच ठेवले: मुखपृष्ठ, भागाचे शीर्षक, शीर्षक आणि मजकूर, मजकूर आणि चित्र, नुसते शीर्षक. बाकीचे काढून टाकले. जास्त लेआउट असले की पुढचा माणूस भलताच निवडतो.

फॉन्टसाठी मुक्ता घेतला. मुंबईच्या ‘एक टाइप’ या संस्थेचा, मुक्त परवान्याचा, सात वजनांत (अक्षराच्या जाडीच्या प्रकारांत) मिळतो आणि त्यातली रोमन अक्षरे देवनागरीशी जुळवून काढलेली आहेत, म्हणून मजकुरात मध्येच पीव्हीसीसारखा शब्द रोमनमध्ये आला तरी खटकत नाही. मंगल मुद्दाम टाळला. ऑफिसच्या थीममध्ये देवनागरीसाठी ठरवून दिलेला फॉन्ट मंगल असतो, पण विंडोज १० पासून तो ऐच्छिक फॉन्टांच्या गठ्ठ्यात गेला आहे. संगणकावर मराठी किंवा हिंदी भाषा जोडलेली नसेल तर मंगल नसतोच. त्या जागी बहुधा निर्मला यूआय येतो, रुंदी-उंची वेगळी पडते, आणि इथे एका ओळीत बसलेले शीर्षक तिथे दोन ओळींत जाते.

आता ओळींतले अंतर. नेहमीच्या थीममध्ये ते ९० टक्के असते. रोमन अक्षरांना हे चालते, देवनागरीत वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या मात्रेत घुसतो. ‘पाणीपुरवठ्याचे’ या शब्दाच्या बरोबर खाली ‘फिल्टरमध्ये’ आला की ‘पु’चा उकार खालच्या मात्रेवर टेकतो. मास्टरमध्ये मजकुराला १.१ आणि शीर्षकाला १.० केले. जागा कमी पडेल ही भीती रास्त आहे, पण तिच्यावर उपाय शब्द कमी करणे हाच. परिच्छेदानंतरचे अंतर ८ पॉइंट, म्हणजे मुद्दा कुठे संपला ते दिसते.

अक्षराचा आकार: शीर्षक ३६, पहिला स्तर २८, दुसरा २४. तिसरा स्तर ठेवलाच नाही. ‘ऑटोफिट’ मास्टरमध्येच बंद केला. तो चालू असला की मजकूर वाढेल तसे अक्षर गुपचूप बारीक होत जाते, एका स्लाइडवर २८ आणि पुढच्यावर १९, आणि इंप्रेसमध्ये त्याचा हिशोब आणखी वेगळा लागतो.

देवनागरीला न मानवणाऱ्या आणखी काही गोष्टी मास्टरमधून वगळल्या. अक्षरांतले अंतर वाढवले की शिरोरेघ तुटते. तिरपे अक्षर म्हणजे उभे अक्षर ओढून वाकवलेले असते, वळणदार नव्हे. अधोरेखन उकारांवरून जाते, ‘कु’ आणि ‘कू’ मागच्या रांगेतून ओळखू येत नाहीत. भर द्यायचा तर जाड वजन किंवा रंग. दोन्ही एकदम नको.

मजकुराची भाषा मराठी लावली (रिव्ह्यू, लँग्वेज, प्रूफिंग लँग्वेज). लाल नागमोडी रेघा जातात. शिवाय काही फॉन्टांत ल आणि श यांची मराठी व हिंदी अशी दोन्ही वळणे असतात आणि भाषेवरून योग्य ते निवडले जाते. प्रत्येक प्रोग्राम ते ऐकतोच असे मात्र नाही, म्हणून डोळ्याने पाहून घ्यावे.

१३ जानेवारी : पडदा आणि अक्षराचे गणित

ठरलेल्या जागांपैकी दोन ठिकाणी रुंद टीव्ही आहेत, एका सभागृहात जुना १०२४ × ७६८ चा प्रोजेक्टर आणि सुमारे २ मीटर × १.५ मीटरचा पडदा. सोळास नऊची स्लाइड तिथे १०२४ × ५७६ मध्ये बसते. वर ९६ आणि खाली ९६ ओळी काळ्या राहतात, म्हणजे पडद्याची पाव उंची वाया. चित्राची उंची राहते १.१२५ मीटर.

रुंद स्लाइडची उंची १९.०५ सेंटिमीटर, म्हणजे ५४० पॉइंट. त्या हिशोबाने या पडद्यावर २८ पॉइंटचा मजकूर ५.८ सेंटिमीटरचा पडतो आणि १८ पॉइंटचा ३.७५ सेंटिमीटरचा. हे माप मात्रा-उकारासह आहे. शिरोरेघेपासून पायापर्यंतचे अक्षर याहून बरेच लहान असते.

शेवटची रांग पडद्यापासून ९ मीटरवर, म्हणजे चित्राच्या उंचीच्या आठपट. हीच परिस्थिती टेबलावर उभी करता येते. १५.६ इंची लॅपटॉपच्या पडद्याची उंची साधारण १९.४ सेंटिमीटर, तिची आठपट म्हणजे दीड मीटरभर. स्लाइड पूर्ण पडद्यावर लावून तेवढे मागे उभे राहायचे. तिथून वाचायला डोळे बारीक करावे लागले, तर शेवटच्या रांगेलाही लागतील. या चाचणीत २० पॉइंटच्या खालचे सगळे बाद झाले. किमान आकार २४ ठरला, फक्त आलेखावरच्या आकड्यांना २०.

फाइल चारास तीन करण्याचा पर्याय सोडला. स्लाइड साइझ बदलताना पॉवरपॉइंट ‘मॅक्सिमाइझ’ की ‘एन्शुअर फिट’ असे विचारतो. पहिल्यात कडा कापल्या जातात, दुसऱ्यात सगळे आक्रसते. दोन फाइली सांभाळण्यापेक्षा काळ्या पट्ट्या परवडल्या. पडदा खाली असला तर खालची पट्टी उलट उपयोगीच: पुढच्या रांगेतली डोकी तिच्यावर येतात, मजकुरावर नाही.

सभागृहाच्या खिडक्यांना पडदे नाहीत. प्रोजेक्टर काळा रंग टाकू शकत नाही, काळे म्हणजे प्रकाश न पडलेला पडदा, आणि उजेडात तो राखाडी दिसतो. म्हणून गडद पार्श्वभूमी रद्द. फिकट मलई रंग आणि त्यावर जवळजवळ काळे अक्षर. हिरव्यावर लाल कुठेही नाही. बरोबर-चूक दाखवताना रंगासोबत खूण किंवा फुली असलीच पाहिजे.

१५ जानेवारी : दोन स्लाइड जवळून

‘अनुदान माहिती’ या शीर्षकाखाली नऊ ओळी होत्या. शीर्षकाने विषय सांगितला होता, म्हणणे नाही. नवे शीर्षक: ‘अल्प व अत्यल्प भूधारकाला ८० टक्के, इतरांना ७५ टक्के अनुदान’. खाली दोनच आडव्या पट्ट्या. पहिलीत केंद्राच्या ‘पर ड्रॉप मोअर क्रॉप’ योजनेतले ५५ आणि राज्याचे पूरक २५, दुसरीत ४५ आणि ३०. आकडे पट्टीच्या आत, बाजूची रंगसूची काढली. लागणाऱ्या कागदपत्रांची यादी नोट्समध्ये आणि हातातल्या पत्रकात. स्लाइडवर ती कोणी उतरवून घेत नाही, सगळे मोबाइलने फोटो काढतात. योजनेचे टक्के बदलू शकतात, म्हणून ते फाइलभर न पसरता या एकाच स्लाइडवर ठेवले आणि कोपऱ्यात ‘जानेवारी २०२५’ टाकले.

दुसरी ‘ठिबक किती वेळ चालवावे’. आधी सूत्र होते, भागाकाराच्या रेघेसह. आता एक झाड, त्याखाली दोन ड्रिपर, आणि तीन टप्पे: झाडाला समजा रोज ४० लिटर हवे, ताशी ४ लिटरचे दोन ड्रिपर मिळून ताशी ८ लिटर देतात, म्हणून ५ तास. प्रत्येक टप्पा एका क्लिकवर. प्रशिक्षक ‘मग किती तास?’ असे विचारून थांबू शकतो. ॲनिमेशन वापरायला एवढे कारण पुरेसे आहे, आणि प्रकार एकच, ‘अपिअर’. उडत येणारी अक्षरे सगळी काढली.

मोजमापे तुटू नयेत म्हणून ‘१६ मिमी’, ‘४ लिटर’ यांमध्ये न तुटणारी मोकळी जागा टाकली: उजवीकडच्या अंकपट्टीवर अल्ट दाबून ०१६०. शीर्षकात ओळ हाताने तोडायची नाही. फॉन्ट बदलला की ती भलत्या जागी तुटलेली दिसते.

१७ जानेवारी : फोटो

७१ एमबीपैकी बहुतेक वजन फोटोंचे. मोबाइलचा फोटो ४००० × ३००० पिक्सेलचा, स्लाइडवर मात्र हाताच्या पंजाएवढा. पूर्ण रुंद स्लाइड १३.३३ इंच असते, १५० पीपीआयला (इंचाला १५० पिक्सेल) २००० पिक्सेल होतात. फुल एचडी पडदाच १९२० चा, त्यापुढचे कोणाला दिसणार? पिक्चर फॉरमॅट, कॉम्प्रेस पिक्चर्स, १५०, ‘अप्लाय ओन्ली टू धिस पिक्चर’ची खूण काढून, ‘डिलीट क्रॉप्ड एरियाज’ ठेवून. फाइल ९ एमबीवर आली.

कापलेला भाग खरोखर पुसणे हे फक्त वजनासाठी नाही. नुसते क्रॉप केले तर फोटो मागे पूर्ण शाबूत राहतो. एका फोटोत कापलेल्या बाजूला लाभार्थ्यांच्या नावांचा फलक होता.

फिल्टरच्या फोटोवर बाण काढताना तो फोटोशी कंट्रोल आणि जी ने एकत्र बांधला, नाहीतर फोटो हलतो आणि बाण हवेत राहतो. अल्ट आणि एफ१० ने सिलेक्शन पेन उघडून प्रत्येक वस्तूला नाव दिले. ‘पिक्चर १७’पेक्षा ‘वाळूचा फिल्टर’ हे ॲनिमेशनच्या यादीत सापडते.

२० जानेवारी : आलेख आणि आकडे

एक्सेलमधून आलेख चिकटवला की पॉवरपॉइंट तो मूळ फाइलशी जोडलेला ठेवतो. फाइल दुसऱ्या संगणकावर गेली की आकडे दुरुस्त करता येत नाहीत, कारण मागची एक्सेल फाइल तिथे नसते. ‘एम्बेड’ निवडले तर उलटी गोष्ट: आलेखासोबत अख्खी कार्यपुस्तिका स्लाइडमध्ये बसते, इतर पानांवरच्या नावांसह. म्हणून आलेखापुरते चार रकाने नव्या कार्यपुस्तिकेत घेऊन तिथून एम्बेड केले.

खर्चाच्या आकड्यांत 245,000 असे दिसत होते. विंडोजची प्रादेशिक मांडणी भारताची असली तर साध्या स्वल्पविरामाने लाख बरोबर पडतात, नसली तर नाही. संगणकावर अवलंबून राहू नये म्हणून आकड्यांच्या फॉरमॅटमध्ये, कस्टमखाली, हे भरले:

[>=10000000]##\,##\,##\,##0;[>=100000]##\,##\,##0;##,##0

आता 2,45,000 दिसते, कोटीही बरोबर. ऋण आकड्यांना हे चालत नाही, पण खर्चाच्या तक्त्यात ते नव्हते.

अंक देवनागरी की इंग्रजी, यावर चर्चा झाली. आलेख इंग्रजी अंक देतो आणि मजकुरात देवनागरी असले की एकाच स्लाइडवर दोन तऱ्हा होतात. नळीवर छापलेले १६ आणि दाबमापकावरचे आकडे इंग्रजीतच असतात आणि शेतकऱ्याला तेच वाचायचे आहेत. स्लाइडभर इंग्रजी अंक ठेवले. पत्रकात देवनागरी चालतील.

२३ जानेवारी : इंप्रेसमध्ये उघडून

लिबरऑफिसमध्ये आधी टूल्स, ऑप्शन्स, भाषांच्या पानावर ‘कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउट’ (सीटीएल, देवनागरीसारख्या लिप्यांसाठी) चालू करून भाषा मराठी. ते बंद असले की देवनागरीचा फॉन्ट आणि आकार स्टाइलमध्ये दिसतच नाही. तिथे पाश्चात्त्य आणि सीटीएल अशी दोन वेगळी घरे असतात. पहिल्यात २८ टाकून दुसरे २४ वर राहिले की रोमन शब्द मोठा आणि मराठी लहान दिसते, आणि कारण लवकर सापडत नाही.

पॉवरपॉइंटच्या फाइलमध्ये फॉन्ट बसवता येतो: फाइल, ऑप्शन्स, सेव्ह, ‘एम्बेड फॉन्ट्स इन द फाइल’, त्यातही ‘सगळी अक्षरे’ हा पर्याय. ‘वापरलेली अक्षरे’ निवडली तर दुसऱ्याला दुरुस्ती करताना नवे जोडाक्षर मिळत नाही. पण हा भरवसा पॉवरपॉइंटपुरताच धरायचा. इंप्रेस असलेल्या संगणकावर मुक्ता बसवूनच घ्यायचा, म्हणून फॉन्टच्या टीटीएफ फाइली सोबतच्या फोल्डरमध्ये ठेवल्या.

ऑटोफिट आधीच बंद होता, म्हणून मजकूर जागचा हलला नाही. दोन ठिकाणी सावल्या वेगळ्या दिसल्या, त्या काढून टाकल्या.

२७ जानेवारी : सभागृहात

व्हीजीए केबल. तिच्यातून आवाज जात नाही, फिल्टर धुण्याच्या चित्रफितीसाठी ध्वनीची तार वेगळी लागते. फाइल पेनड्राइव्हवरून न चालवता डेस्कटॉपवर उतरवून घ्यायची. मेलने आलेली असली तर वरच्या पिवळ्या पट्टीवरचे ‘एनेबल एडिटिंग’ सत्राआधी दाबून ठेवायचे.

विंडोज आणि पी, मग ‘एक्स्टेंड’. ‘डुप्लिकेट’ ठेवले तर प्रशिक्षकाला नोट्स दिसणारा प्रेझेंटर व्ह्यू मिळत नाही. प्रशिक्षकांसाठी कळांची चिठ्ठी लॅपटॉपच्या कडेला चिकटवली: शिफ्ट आणि एफ५ म्हणजे चालू स्लाइडपासून सुरू, बी म्हणजे पडदा काळा, आणि स्लाइडचा क्रमांक टंकून एंटर म्हणजे थेट तिथे उडी. शेवटची कळ प्रश्नोत्तरांत सर्वांत कामाची. ‘मघाचा दाबाचा तक्ता दाखवा’ म्हटले की मागे मागे जात बसावे लागत नाही. त्यासाठी क्रमांक मोठ्या आकारात प्रत्येक स्लाइडवर छापले आहेत.

उजेडात फिकट हिरवी पट्टी पार्श्वभूमीत विरली. थीमच्या रंगांत तो हिरवा गडद केला, सगळ्या आलेखांत एकदम बदलला.

२८ जानेवारी : सुपूर्द

स्लाइड ३४ उरल्या. तासाभराच्या सत्राला सगळ्या, ग्रामसभेतल्या वीस मिनिटांना ११. त्यासाठी वेगळी फाइल केली नाही, ‘कस्टम स्लाइड शो’मध्ये ‘ग्रामसभा’ नावाने निवड करून ठेवली.

फोल्डरमध्ये पीपीटीएक्स, मुक्ताच्या फाइली, चित्रफीत एमपी४ मध्ये, आणि ऐनवेळी पॉवरपॉइंट अडला तर पीडीएफ. पीडीएफमध्ये ड्रिपरच्या स्लाइडचे तिन्ही टप्पे एकदम दिसतात, ते प्रशिक्षकांना सांगितले आहे. पीडीएफमधून मराठी मजकूर उचलून दुसरीकडे चिकटवू नये, वेलांट्या-जोडाक्षरे बऱ्याचदा विस्कटतात. दुरुस्ती पीपीटीएक्समध्येच करावी.

बाकी: पत्रकाची छपाई, पानावर तीन स्लाइड आणि शेजारी लिहायच्या ओळी असलेला नमुना. कृष्णधवल छापून आलेखातल्या दोन रंगांचा फरक टिकतो का, ते पाहायचे आहे.